आपले हात आणि आपले हसू

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या समारंभात केलेले भाषण)



वर्धापनदिनाला बाहेरगावची एखादी विदुषी बोलवावी असा आपला शिरस्ता आहे. यंदा मात्र चिटणीसबाईंनी घरचीच वक्ती उभी केली. मी कारण विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "तुम्हाला गाडीभाडे द्यावे लागत नाही, आणि चहाही तुम्ही घरून पिऊन येता." विषय दिला आहे 'स्वावलंबन'. तेव्हा मंडळाने विषयाची सुरुवात माझ्यापासूनच केली, असे समजून मी उभी राहिले आहे.

वर्ध्यात राहून स्वावलंबनावर बोलणे म्हणजे काशीत गंगाजल विकण्यासारखे आहे. १९३४ साली गांधीजी वर्ध्यास आले, १९३६ साली शेगावी राहावयास गेले, आणि त्याच शेगावचे पुढे सेवाग्राम झाले. १९३७ साली आपल्या याच गावी शिक्षण परिषद भरली आणि हाताने काम करता करता शिकावे, हा नई तालीमचा विचार देशापुढे आला. १९३८ च्या डिसेंबरात मगन संग्रहालय उघडले. पवनारला धाम नदीच्या काठी विनोबांनी १९५० च्या सुमारास कांचनमुक्तीचा प्रयोग केला, म्हणजे पैशाला हात न लावता, स्वतः खणून, स्वतः पाणी काढून भाजी-धान्य पिकवायचे. आणि १९५९ साली तेथेच ब्रह्मविद्या मंदिर निघाले, जेथे भगिनींनी शेतीपासून स्वयंपाकापर्यंत सारे आपल्या हाती घेतले. ही सारी थोर मंडळी. त्यांच्यावर पुष्कळांनी पुष्कळ लिहिले आहे, आणि आपल्यापैकी कित्येकींनी ते माझ्यापेक्षा अधिक वाचले आहे.

मी आज बोलणार आहे ते एका अगदी साध्या माणसाबद्दल, आमच्या बाबांबद्दल. चौथीपर्यंत शिकलेला आर्वी तालुक्यातला एक शेतकरी. कांचनमुक्तीची वार्ता आमच्या गावी पोचली तेव्हा पारावर मोठी चर्चा झाली म्हणतात. बाबा सगळे ऐकून घेऊन म्हणाले, "विनोबांना पैसा सोडावा लागला. आपल्याला त्याने आधीच सोडले आहे. आपण त्यांच्या एक पाऊल पुढेच." पार हसला. पण पुढल्याच महिन्यात हेच बाबा वीस-पंचवीस मैल चालत पवनारला जाऊन तो मळा डोळ्यांनी पाहून आले, आणि आल्यावर त्यांनी परसात वांगी, मिरची, वाल लावले. थट्टा करायची आणि थट्टेतले खरे तेवढे उचलायचे, ही त्यांची रीत होती. मला जे काही स्वावलंबन आले ते या रीतीतून आले, म्हणून या दोन गोष्टींविषयी, हात आणि हसू यांविषयी, मी एकत्रच बोलणार आहे. माझ्या मते त्या वेगळ्या नाहीतच.

आमचे वावर बारा एकर, सगळे कोरडवाहू. जमीन काळी. पाऊस पडला तर चिखल पायाला सोडीत नाही, आणि नाही पडला तर भेगांत पोराची काठी हरवते. पीक कापसाचे, त्यात तुरीच्या ओळी. बाकी ज्वारी, थोडा जवस, धुऱ्याला अंबाडी. बैलजोडी एक, गौळाऊ. आर्वी-कारंजाकडच्या गवळी लोकांनी जपलेली ही पांढरी, चपळ जात आपल्या जिल्ह्याचे भूषण आहे. घरात बाबा, माय, मी आणि माझे दोन धाकटे भाऊ. मी थोरली, आणि मुलगी.

मुलगी म्हणून वावरात माझे काम ठरलेले होते: निंदण, वेचणी आणि पेरणीच्या वेळी सरत्यातून बी सोडणे. पेरणीचे हे नाजूक काम आपल्याकडे बायकांचेच. पण बाबांनी पहिल्यांदा शिकविले ते बी तयार करणे. सरकीला बारीक तंतू चिकटलेले असतात, त्यामुळे ती एकमेकींना धरून बसते. म्हणून तिला शेणमातीच्या काल्यात घोळून, हाताने चोळून, सुकवून घ्यावी लागते, म्हणजे दाणा दाणा सुटा पडतो. बाबा म्हणायचे, "सरकी म्हणजे एका घरातल्या जावा. जवळ ठेवल्या की गुंता, सुट्या केल्या की दोघींचेही झाड होते." माय तेथेच असायची. ती म्हणायची, "आणि सासरा म्हणजे शेण. मध्ये घातल्याशिवाय सुटत नाही." अशा बोलण्यात दोन शेर सरकी केव्हा चोळून व्हायची ते कळत नसे. आज मला त्या कामाची पद्धत पायरीपायरीने सांगता येते याचे कारण ती मला हसताना कळली होती. रागावून शिकविलेले पुष्कळ मी विसरून गेले आहे.

तसेच दोराचे. अंबाडी कापून डोहात भिजत घालायची, साल सुटली की ओढून काढायची, धुऊन वाळवायची आणि मग पीळ द्यायचा. बैलांचे कासरे, विहिरीचा नाडा, बाजेची विणण, सारे घरच्या अंबाडीचे. बाजारात दोर मिळत होता, आणि तो काही फार महागही नव्हता. मी एकदा विचारले, "बाबा, एवढा खटाटोप काहून?" ते म्हणाले, "पोरी, इकतचा दोर तुटला त मानूस दुकानदाराले शिव्या देते. घरचा तुटला त आपला पीळ कुठी कमी पडला ते पाह्यते." मोठमोठी व्याख्याने मी नंतर ऐकली, पण स्वावलंबनाचा याहून नेमका अर्थ मला सापडला नाही. चूक जेथे आहे तेथे हात पोचणे, हाच तो अर्थ.

एक प्रसंग सांगते. मी बारा वर्षांची असेन. कापसाची गाडी भरून आम्ही दोघे आर्वीच्या बाजाराला निघालो. तेव्हा पुलगाव ते आर्वी छोट्या रुळांची गाडी धावत असे. आता ती बंद झाली. तिचा वेग असा की बाबा तिला आमच्या बैलांची धाकटी बहीण म्हणत. तर त्या रुळांच्या अलीकडे, भर उन्हात, आमच्या गाडीच्या चाकाची खीळ पडली. चाक डुगडुगू लागले. मी ओरडले. बाबांनी गाडी थांबविली, खाली उतरून पाहिले, दोन दगड चाकांना लावले, आणि काय केले असेल? परत कापसावर चढून आडवे झाले आणि तोंडावर दुपट्टा घेतला.

मी म्हटले, "बाबा, आता?"

दुपट्ट्याखालून उत्तर आले, "मी बाबा नाई. मी कापूस हाव. कापसाले काई समजत नाई. गाडीवानाले इचार."

"गाडीवान कोन?"

"जो खाली उभा हाय तो."

मी रडले, चिडले, बैलांना उगाच बोलले. कापूस हलेना. मग गाडीत बांधलेली कुऱ्हाड काढली, बाभळीची वाळकी फांदी तोडली, तासून तासून तिची खुंटी केली. पहिली बारीक झाली, दुसरी जाड. तिसरी बसली. दगडाने ठोकून घट्ट केली आणि बैलांना हाक दिली. गाडी पाचपन्नास पावले नीट चालली तेव्हा मागून आवाज आला, "गाडीवान बरा दिसते. पुढल्या वर्षी यालेच सांगू." बाजारात पोचल्यावर त्यांनी ती खुंटी लोहाराला दाखविली आणि लोखंडी खीळ बसवून घेतली. लाकडी खुंटी मात्र फेकली नाही. ती आमच्या देवघरातल्या कोनाड्यात पुष्कळ वर्षे होती.

भगिनींनो, आज विचार करते तेव्हा दिसते की त्या कापसाच्या ढिगावरून ते एक डोळा उघडा ठेवून माझी कुऱ्हाड पाहात असले पाहिजेत. मुलीला सोडून देणे आणि मुलीच्या हाती सोपविणे यांत हाच फरक आहे.

आणखी एक खुलासा केला पाहिजे. स्वावलंबन म्हणजे कोणाचे उपकार घेणार नाही, कोणाच्या दारी जाणार नाही, असला ताठा नव्हे. आमच्या गावी इर्जिक होती. एखाद्याची पेरणी किंवा वखरणी अडली, घरात आजारपण आले, की गावातल्या चारपाच जोड्या एके दिवशी त्याच्या वावरात उतरायच्या, आणि त्याने सगळ्यांना जेवू घालायचे. बाबा इर्जिकीला कधी चुकले नाहीत, आणि आपली वेळ आली तेव्हा गावाला बोलवायला लाजलेही नाहीत. ते म्हणत, ज्याला घेता येत नाही त्याचे देणे हे दान नसते, मिरवणे असते.

आता हसण्याकडे वळू. आपल्या विदर्भाच्या शेतीत हसण्याला हक्काचा एक दिवस आहे, तो पोळ्याचा. बैल तोरणाखाली उभे राहतात आणि माणसे एकामागून एक झडत्या म्हणतात. सिंदीचा तान्हा पोळा तर आपल्या जिल्ह्याबाहेरही प्रसिद्ध आहे. बाकी ठिकाणी पाटलाला, सावकाराला, सरकारला तोंडावर बोलायची सोय नसे. पण झडतीत सगळे चाले, कारण ते बैलांच्या साक्षीने आणि यमकात बोललेले असे. बाबा दरसाल एक नवी झडती जुळवीत. एका कोरड्या वर्षाची मला आठवते:

पेरले ते उगवले नाही, ढग पांगले दिशा दाही;
एकच पीक जोमात आले — सावकाराची वही!

सावकार समोरच उभे होते. तेही हसले. हसण्यावाचून त्यांना गत्यंतर नव्हते. आणि त्या संध्याकाळी व्याजाची बोलणी थोडी सोपी गेली, असे माय सांगत असे.

पण बाबांच्या हसण्याला नियम होते, आणि ते फार कडक होते. पहिला, आधी आपल्याला हसायचे, मग दुसऱ्याला. आमच्या वावरातल्या बुजगावण्याला त्यांनी आपल्या लग्नातला कोट घातला होता आणि म्हणत, "माझ्यापेक्षा त्यालाच शोभतो. पाखरे तरी घाबरतात." दुसरा, जो आपल्यापेक्षा दुबळा आहे त्याला हसायचे नाही. सालदाराच्या फाटक्या जोड्याला, कोणाच्या व्यंगाला, बायकोच्या माहेराला हसणे म्हणजे थट्टा नव्हे, चोरी. (माहेराचा नियम मायने घातला होता, पण बाबांनी तो पाळला.) आणि तिसरा, हसून झाले की उठायचे. हसणे हा कामातला विसावा आहे, कामातून सुटका नव्हे.

एका वर्षी या नियमांची परीक्षा झाली. मी चौदा वर्षांची होते. पीक डोळ्यांत भरेल असे आले होते. सीतादही झाले, म्हणजे पहिल्या वेचणीआधी पऱ्हाटीला दहीभाताचा नैवेद्य दाखविला, आणि आठवड्याच्या आत अवेळी पावसाने झड लावली. फुटलेली बोंडे झाडावरच भिजली. पांढरा कापूस डागाळून पिवळा पडला. अशा कापसाला आपल्याकडे कवडी म्हणतात, हे आपण जाणताच. गावात सुतक पडल्यासारखे झाले. बाबा ओट्यावर आले, पोत्यांकडे पाहिले आणि म्हणाले, "लोकाईच्या घरी एक कवडी येत नाई. आपल्या घरी गाडीभर आल्या." माय हसली आणि हसता हसता तिने पदर डोळ्यांना लावला.

खरी गोष्ट पुढेच आहे. त्या अमावास्येला रात्री जेवणे झाल्यावर बाबांनी चुलीतला एक विझलेला कोळसा घेतला आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर आमचे देणे लिहिले. सावकाराचे इतके. सोसायटीचे इतके. सरकारी तगाईचे इतके. किराणा दुकानाचे इतके. मग आम्हां सगळ्यांना पाटावर बसविले, कंदील मोठा केला आणि पोथी वाचावी तशा सुरात वाचायला आरंभ केला: "अध्याय पहिला. सावकार." प्रत्येक अध्यायाला त्या कर्जाची कथा. केव्हा घेतले, कशाला घेतले, व्याज काय, त्यातले शहाणपणाचे किती आणि हौसेचे किती. माझा सहा वर्षांचा धाकटा भाऊसुद्धा ऐकत होता. शेवटी बाबा म्हणाले, "आता फलश्रुती. ही पोथी उतरवायला कोन काय करनार ते सांगा."

माय म्हणाली, मी तूर विकणार नाही, जात्यावर डाळ करून विकीन. मी म्हटले, हिशेब मी लिहीन. मधला भाऊ म्हणाला, गाईचे दूध मी गावात घालीन. आणि धाकटा म्हणाला, मी कमी जेवीन. त्यावर बाबांनी त्याला मांडीवर घेतले आणि म्हणाले, "तू दोन घास जास्त खाय. कर्ज आपल्याले उतरवाचं हाय, पोर नाई."

तेव्हापासून दर अमावास्येला आमच्या घरी ही पोथी लागे. काही फिटले की तेवढ्यावर बोटाने चुना फिरवायचा. चार वर्षे लागली. देणे घरात आहे हे पोरांपासून लपवू नये, असे बाबांचे मत होते. "देण्याले बसाले पाट द्यावा," ते म्हणत. "उजेडात बसलं त पाहुणा. अंधारात बसलं त ते घर खाते."

मैत्रिणींनो, हे मी तुम्हाला गंमत म्हणून सांगत नाही. आपण कोणत्या जिल्ह्यात बसलो आहोत? २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी मदतीची योजना जाहीर केली, त्यांत अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम, बुलढाणा यांच्या जोडीला आपला वर्धा होता. कारण काय, तर शेतकरी आत्महत्या. स्वावलंबनाचा मंत्र देणारा जिल्हा आणि ही यादी! त्या यादीत आपल्या जिल्ह्याचे नाव वाचले तेव्हा मला बाबांची भिंत आठवली.

याची कारणे आपण सर्व जाणतो. कापूस बहुतेक पावसावर, पाण्याची सोय थोडी. बियाणे, खते, फवारे यांचा खर्च आधी. भाव मागाहून, आणि तो दुसऱ्यांच्या हाती. १९७२ साली सुरू झालेली कापसाची एकाधिकार खरेदी पुढे मोडकळीस आली. २००२ साली बीटी बियाणे आले, बोंडअळी हटली असे वाटले, आणि २०१७ साली गुलाबी बोंडअळीने तोच कापूस आतून पोखरला. बँकेचे दार वेळेवर उघडले नाही की माणूस खाजगी सावकाराकडे जातो. हे सारे प्रश्न मोठे आहेत. ते पाण्याने, भावाने आणि पतपुरवठ्याने सुटायचे आहेत. घरात विनोद केल्याने कर्ज फिटते असे कोणी म्हणेल तर त्याच्या घरी मी स्वतः भांडायला जाईन. जे समाजाने आणि सरकारने करावयाचे ते त्यांनी केलेच पाहिजे; शेतकऱ्याला 'हसत राहा' सांगून कोणाची सुटका नाही.

पण एक भाग आपला, घरातला आहे, आणि तो म्हणजे गप्प बसणे. कित्येक घरांत नवऱ्याच्या मागे जेव्हा लोक दाराशी येतात तेव्हा त्या बाईला पहिल्यांदा कळते की कर्ज किती होते आणि कोणाकोणाचे होते. तो माणूस एकटाच ते ओझे घेऊन फिरत होता. कोणाला सांगितले तर आपण पुरुष म्हणून उणे ठरू, असे त्याला वाटत होते. गांधीजींनी १९२१ साली लिहिले होते की आपल्या अंगी विनोदबुद्धी नसती तर आपण केव्हाच जीव दिला असता. एवढा मोठा माणूस हे उघड लिहितो. आमच्या बाबांनी ते वाचलेले नव्हते. पण ज्या गोष्टीला आपण घरच्यांसमोर हसू शकतो ती गोष्ट आपल्याला एकटे गाठून मारीत नाही, हे त्यांना ठाऊक होते.

मी हे पाहिले आहे. बाबा जाऊन पुष्कळ वर्षे झाली होती. शेती धाकटा भाऊ पाहात होता, तोच, कमी जेवायला निघालेला. २००५ सालच्या दिवाळीआधी माझ्या भावजयीचा फोन आला. पैशाचे काही बोलली नाही. एवढेच म्हणाली, "ताई, यांचं हसनं बंद झालं."

मी त्याच दिवशी एसटीने गेले. रात्री जेवणे झाली. भाऊ खाली मान घालून बसला होता. मी चुलीतला कोळसा शोधायला गेले तर घरात चूल नाही, गॅस. भिंतीला तेलरंग. तेव्हा भाच्याची वही घेतली, सगळ्यांना खाली बसविले आणि म्हटले, "अध्याय पहिला." भाऊ बोलेना. मीही उठले नाही. घड्याळाची टिकटिक ऐकत आम्ही किती वेळ बसलो ते मला सांगता येणार नाही. मग त्याने बँकेचा आकडा सांगितला. मग कृषी केंद्राचा. मग पुष्कळ थांबून एका खाजगी माणसाचा, जो भावजयीला ठाऊकच नव्हता. ती रडू लागली. भाऊही रडला. मी लिहीत होते. मला वाटले, संपले. तोच तो डोळे पुसून म्हणाला, "ताई, अध्याय चौथा राह्यला. तुझे सातशे रुपये. १९९१ पासून."

आम्ही तिघे इतके हसलो की शेजारी दार उघडून पाहायला आले. भगिनींनो, तो हसण्याचा आवाज ऐकला आणि माझा जीव भांड्यात पडला.

फलश्रुती सोपी नव्हती. मोटारसायकल विकली. तीन एकर दोन वर्षे मक्त्याने दिले. भावजयीने दोन म्हशी घेतल्या आणि दुधाचा हिशेब आपल्या हाती ठेवला. बँकेत नवराबायको दोघे मिळून गेले आणि कर्जाच्या हप्त्यांचे पुनर्गठन करून आणले. २००८ साली केंद्राची कर्जमाफी आली, पण ती बँक आणि सोसायटीच्या कर्जाला. खाजगी कर्ज तिच्यात बसत नव्हते. ते फेडायला सहा वर्षे लागली. ते वहीत लिहिलेच गेले नसते तर काय झाले असते, याचा विचार मी करीत नाही. भाऊ आज आजोबा झाला आहे. परवाच्या पोळ्याला त्याने माझ्यावर झडती केली. ती येथे म्हणून दाखविण्यासारखी नाही.

आता भाषण आटोपते घेते, कारण मागे चिवड्याचे ताट झाकलेले मला दिसते आहे. आपल्या मंडळाने आजवर शिवणवर्ग चालविले, बचत गट उभे केले, हळदीकुंकू केले. माझी नम्र सूचना आहे की येत्या वर्षी आपण आणखी एक व्रत घ्यावे. महिन्यातून एकदा, अमावास्या म्हणा की पहिला रविवार म्हणा, प्रत्येकीने आपल्या घरी देण्याची पोथी वाचावी. शहरातल्या घरांनाही ती लागते. घराचे हप्ते, मुलांच्या शिक्षणाचे कर्ज, कोणाला हातउसने दिलेले. नवऱ्याला विचारताना पोलिसासारखे विचारू नका. आधी आपला अध्याय वाचा. आपण भिशीत घातलेले आणि त्याला न सांगितलेले पैसे प्रथम सांगा. (हसू नका, मला सगळ्यांचे ठाऊक आहे.) मग तोही बोलेल.

त्याच बैठकीत सातबारा नाहीतर घराचा कागद काढून त्यावर कोणाकोणाची नावे आहेत ते पाहा. २००५ च्या कायद्याने हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला आहे. घरात कोणी गेले तर वारसाची नोंद वेळेवर करा. ती राहिली की विधवेचे हाल होतात. आणि परवाना नसलेल्या कोणी सावकाराने जमीन दाबली असेल, तर २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्याप्रमाणे जिल्हा उपनिबंधकाकडे दाद मागता येते. या गोष्टी आपल्याला ठाऊक असणे हेही हाताचेच काम आहे. बाभळीची खुंटी तासण्यासारखेच.

आणि शेजारच्या घरातले हसणे बंद झाले आहे असे वाटले, तर वाट पाहू नका. वाटी घेऊन साखर मागायला जा. साखर असली तरी जा. बसा, बोला, तिला बोलू द्या. गरज पडली तर डॉक्टरांकडे न्या. टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्री-अपरात्रीही चालतो, आणि तेथे मराठीतही बोलता येते. ही आपली इर्जिक आहे.

बाबांनी आम्हांला पैसा ठेवला नाही. जमीन ठेवली ती तिघांत वाटली गेली. पण 'माझे मला करता येईल' हा विश्वास आणि 'नाही आले तरी घरी जाऊन सांगता येईल' हा धीर, या दोन्ही गोष्टी त्यांनी आम्हां भावंडांना सारख्या वाटून दिल्या, आणि त्या वाटणीत मुलगी म्हणून माझा वाटा कमी पडला नाही. आपल्या मुलीनातींना आपण निदान एवढे देऊन जावे. मंडळाला पुढील वर्षे भरभराटीची जावोत, आणि त्याच्या जमाखर्चात शिल्लक कमी असली तरी हसू जास्त असो, एवढी प्रार्थना करून मी आपली रजा घेते.